तिथीला बांधलेलं शरीर

घाटावरच्या जुन्या गावांत मारुतीच्या देवळालगत तालीम असायची. लाल माती, जोर मारायचे ठोकळे, कोपऱ्यात करेला-मुदगल, जमलं तर मल्लखांब. पेडणे आणि डिचोली या उत्तर गोव्याच्या तालुक्यांत गावाने राखून ठेवलेली जागा वेगळी आहे. ती मांडाची. देवळासमोरची किंवा वाड्याच्या मधली ही सपाट, सारवलेली जागा वर्षातले बरेच दिवस मोकळी असते, पण तिथे वहाण घालून जात नाहीत. शिगम्यात, म्हणजे इथल्या शिमग्यात, तिथे पुरुष नाचतात. पौषात बायका आपल्या वेगळ्या मांडावर धालो खेळतात. व्यायाम करायला म्हणून तिथे कुणी जात नव्हतं, आजही जात नाही. तरीही या दोन तालुक्यांत साठी उलटलेली माणसं माडावर चढत, नांगर धरत आणि रात्रभर ढोल वाजवत असत, त्यामागे या मांडाचा मोठा हात होता असं माझं म्हणणं आहे. शरीर कमवणं तुलनेने सोपं. विशी-पंचविशीत ते कुणालाही जमतं. ते तीस-चाळीस वर्षं राखणं हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आपण सहसा इच्छाशक्तीत शोधतो. पेडणे-डिचोलीचा इतिहास वेगळं उत्तर सुचवतो. इथे शरीर माणसाच्या एकट्याच्या मालकीचं नव्हतं. ते गावाचं देणं होतं, आणि त्या देण्याची तिथी पंचांगात ठरलेली होती.

शरीरावर हक्क सांगणारे दुसरेही होते. हा मुलूख पोर्तुगिजांकडे उशिरा आला. तिसवाडी, बार्देस, साष्टी त्यांनी सोळाव्या शतकातच घेतले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे मात्र सावंतवाडीकर भोसल्यांकडून 1781 ते 1788 या काळात त्यांच्या हाती पडले. तोवर इथल्या माणसाला शिपाईगिरी हा पोटाचा एक मार्ग होता. पेडण्यातल्या केरीचे जिवबादादा बक्षी महादजी शिंद्यांच्या सैन्यात चढत गेले आणि 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज त्यांच्या हाताखाली होती. पोर्तुगिजांनीही इथल्या मराठ्यांना शिपाई म्हणून ठेवलं. पण 1895 मध्ये मोझांबिकमधला उठाव मोडायला त्यांना समुद्रापार पाठवायचं ठरलं, तेव्हा या शिपायांनी नकार दिला, बंदुकांसह सत्तरीतल्या नाणूसच्या किल्ल्यात गेले आणि सत्तरीच्या राणे घराण्यातल्या दादा राण्यांना मिळाले. लिस्बनहून राजपुत्र अफोंसूला फौज घेऊन यावं लागलं. या बंडाची राजकीय कारणं अनेक आहेत, त्यांची उजळणी इथे नको. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सरकारने पगार देऊन, कवायत करून घेऊन तयार केलेलं शरीर घरापासून तोडायची वेळ आली, तेव्हा ते सरकारचं राहिलं नाही. कवायतीने शरीर घडतं, पण ते कशासाठी राखायचं हे कवायत ठरवू शकत नाही.

घडवण्याचं काम शेतीच करत होती. पावसाळ्यात सरद, पाण्याची सोय असेल तिथे हिवाळ्यात वायंगण, अशी भाताची दोन पिकं. चिखलणी, लावणी, कापणी, मळणी यांत कंबर, पाय आणि पंजे यांची कामं आळीपाळीने येत. त्याच्या जोडीला कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, शिंपणं, काजूच्या हंगामात बोंडं वेचून ती पायांनी तुडवणं, आणि सूर काढायला माडावर दिवसातून दोनतीनदा चढणारा रेंदेर. पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या पट्ट्यात, रांपण ओढायची. होडीतून अर्धवर्तुळात टाकलेलं लांबच लांब जाळं दोन्ही टोकांनी काठावरून खेचायचं. दोन रांगा, प्रत्येकीत कित्येक माणसं, रेतीत टाचा रोवून, अंग मागे टाकून, एका लयीत. म्हातारे दोर गुंडाळत, पोरं शेपटाकडे धावत, आणि जो दोराला हात लावी त्याला वाटा मिळे. इथे वयानुसार काम होतं आणि कामानुसार हिस्सा. यांत्रिक ट्रॉलर आल्यावर मासळी काठापर्यंत येईना, 1970 च्या दशकात रांपणकारांनी मोठं आंदोलन केलं, 1980 मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. पण रांपणीला पूर्वीचे दिवस परत आले नाहीत. तिच्याबरोबर शेकडो माणसांची रोज सकाळची ओढाताणही गेली, आणि ती भरून काढील असं दुसरं काही किनाऱ्यावर आलं नाही.

पण नुसत्या कष्टाने शरीर राहतं असं म्हटलं तर इतिहासाला खोटं पाडल्यासारखं होईल. कष्ट झिजवतातही. एकाच बाजूला ओझं वाहणाऱ्याची पाठ वाकते, रेंदेराचे गुडघे जातात, लावणी करणारीची कंबर धरते. कष्टाला प्रमाण नसतं. मालक, पाऊस आणि कर्ज सांगतील तितके ते करावे लागतात. म्हणून मला मांड महत्त्वाचा वाटतो. मांडावर तेच शरीर, पण सरळ उभं राहून, तालात, दोन्ही अंगांनी वापरलं जातं, आणि लोकांच्या नजरेसमोर वापरलं जातं.

डिचोली आणि सत्तरीची घोडेमोडणी याची उत्तम साक्ष. लाकूड-बांबूचा घोडा, त्याला रंगीत कापड, फुलांच्या माळा. नाचणारा त्याच्या मधल्या पोकळीत उभा राहतो आणि सांगाडा कमरेला बांधतो. डोक्याला फेटा, पायांत घुंगरं, डाव्या हातात लगाम, उजव्यात उपसलेली तलवार. ढोल, ताशे आणि कांसाळी सुरू झाली की घोडे पुढे जातात, तितक्याच पावलांनी मागे येतात, पुन्हा पुढे. पाहणाऱ्याला हे साधं वाटतं. करणाऱ्याला नाही. सांगाड्याचं वजन ओटीपोटाभोवती असल्यामुळे कंबरेत वाकायची सोय नाही; धड ताठ ठेवून सगळी उसळी मांड्यांतून आणि पोटऱ्यांतून काढावी लागते. तलवारीचा हात खांद्याच्या वर तोलून ठेवायचा, तोही ताल संपेपर्यंत. मागे येताना पाय दिसत नाहीत, घोड्याचं पोट आड येतं, म्हणून तळव्यांनी जमीन ओळखावी लागते. शेजारचा घोडा हातभर अंतरावर आणि तलवारी उघड्या, त्यामुळे दमलो म्हणून लय सोडता येत नाही. राण्यांच्या लढायांची आठवण म्हणून हा नाच आला असं लोक सांगतात. ते शब्दशः खरं असो नसो, घोडेस्वाराला लागणारी कंबर आणि खांदा या नाचाला लागतो एवढं कुणीही पाहून सांगेल. राजवटी बदलल्या, घोडदळं गेली, शस्त्रं सरकारजमा झाली. स्वाराचं अंग तेवढं दर फाल्गुनात हजर होत राहिलं.

पेडण्यात हेच देणं तरंगाच्या रूपाने येतं. दसऱ्याला रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगं सजवतात. उंच काठी, तिच्याभोवती रंगीबेरंगी लुगड्यांचे थर, वर देवाचं चिन्ह. कोजागिरीला पेडण्याची पुनव भरते. एका रात्रीत देऊळ बांधून द्या म्हणून हट्ट धरणारा भूतनाथ आणि त्याची समजूत काढणारे गावकरी, हे दरवर्षीचं नाट्य त्या रात्री घडतं. ज्याच्या हातात तरंग आहे त्याच्यावर अवसर येतो, काठी थरथरते, धावते, झुकते आणि तरीही पडता कामा नये. कापडाच्या थरांनी माथा जड झालेली काठी सरळ तोलणं हे पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचं काम आहे, त्याला देव अंगात यायला हवाच. पण अंगात येण्याजोगं अंगही हवं. डिचोली तालुक्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत बेत (वेताची काठी) हाती घेतलेले धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. त्याआधीचे दिवस सोवळ्याचे: मांस-दारू वर्ज्य, आपलं अन्न आपण शिजवायचं, पुन्हापुन्हा थंड पाण्याची आंघोळ, अनवाणी राहायचं. साळच्या गड्यांच्या जत्रेत होळीच्या रात्री गडे काळोखात डोंगराकडे धावतात, तेही अनवाणी. या सगळ्यांत एक समान धागा आहे. ज्याच्याकडे मान आहे त्याला त्या तिथीला तयार असावं लागतं. आजारी असेल तर भाऊ, मुलगा, पुतण्या उभा करावा लागतो. मुंबईला नोकरीला गेलेला माणूस रजा मिळो न मिळो शिगम्याला आणि चतुर्थीला गावी पोचायचा, यात देवभक्ती होतीच, पण मान दुसऱ्या घराकडे जाईल ही धास्तीही होती.

आता घाटावरच्या तालमीशी तुलना करून पाहू. तालमीने महाराष्ट्राला मोठे मल्ल दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. बाळंभट देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला शास्त्राचं रूप दिलं, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1914 पासून देशी व्यायाम देशभर नेला. पण तालमीचा पैलवान ऐन उमेदीपुरता पैलवान असतो. कुस्ती सुटली की खुराक सुटत नाही आणि अंग सुटतं, हे कोल्हापूर-सांगलीत कुणालाही ठाऊक आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी याच्या अगदी उलट टोकाचे. रोज सूर्यनमस्कार, आयुष्यभर. संस्थानच्या शाळांतही ते सक्तीचे केलेले. राजाने स्वतः घालून दाखवलेले नमस्कार हा दुर्मीळ प्रकार म्हणावा लागेल. तरी त्या प्रयोगाचा आधार राजाची शिस्त आणि राजाचा हुकूम हाच होता. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि हुकूम देणारा उरला नाही. मांडावर हुकूम कुणा एकाचा नव्हता, म्हणून तो काढून घेणंही कुणा एकाला शक्य नव्हतं. दुसरं असं की मांडावर निवृत्ती नाही. विशीतला पोरगा घोडा नाचवतो. चाळिशीत तो ढोल गळ्यात घेतो, आणि ढोल काही हलका नसतो. पुढे कांसाळी वाजवतो, नमन म्हणतो, पोरांची पावलं चुकली की सगळ्यांदेखत खडसावतो. वय वाढतं तशी भूमिका बदलते, पण रात्रभर मांडावर उभं राहणं चुकत नाही. आखाड्यात हरलेला माणूस बाहेर बसतो. मांडावरचा माणूस रांगेत मागे सरकतो, एवढंच.

बायकांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक ठळक होतो, कारण त्यांना तालीमही नव्हती आणि पलटणही. धालो पौषातल्या चांदण्या रात्री, पाच-सात-नऊ दिवस चालतात. समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या कमरेभोवती गुंफलेले हात, गाण्याच्या ओळीबरोबर कंबरेत वाकत पुढे जायचं, वाकतच मागे यायचं. दिवसभर जात्यावर, विहिरीवर आणि शेतात घातलेल्या अंगाने हे रात्रीचं करायचं. कुणाला वाटेल, दमलेल्या बाईला आणखी दमवण्याचा हा प्रकार. पण दळणात आणि पाणी ओढण्यात तिचं अंग एकटं राबतं, गरजेपुरतं वळतं; धालोत ते शेजारणीच्या अंगाच्या आधाराने, लयीने वाकतं आणि सरळ होतं. फुगडी तर निव्वळ खेळ. दोघींनी तिढा घालून हात धरायचे, पावलं जवळजवळ चिकटवून शरीरं मागे झोकून द्यायची आणि गरगर फिरायचं. तोल दोघींचा मिळून एकच असतो. एकीने पकड सैल केली तर दोघी पडतात. वेग वाढला की गाणं बंद होतं आणि तोंडातून फू-फू असा श्वास तेवढा बाहेर पडत राहतो, ताल त्याच्यावरच चालतो. मनगटं, दंड, पोटऱ्या, दम आणि डोकं न गरगरण्याची सवय, एवढं सगळं दोनचार मिनिटांत तपासून निघतं. शाळकरी मुलीपासून नातवंडं असलेल्या बाईपर्यंत सगळ्यांना त्यात जागा असते. म्हातारी बाई वेगाच्या फुगडीतून निघून सावकाश फेर धरणाऱ्यांत जाते. जागतिक आरोग्य संघटना आता सांगते की प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि उतारवयात आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम करावेत. तोल सांभाळण्याचा सराव म्हाताऱ्या माणसाला पडण्यापासून वाचवतो, ही यामागची समज. फुगडी घालणाऱ्या बायकांना ही शिफारस कुणी सांगितली नव्हती.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. शिगमो पाच-सात दिवसांचा, धालो फार तर नऊ रात्रींचे, पुनव एका रात्रीची. वर्षातल्या पंधरा-वीस दिवसांच्या नाचाने शरीर कसं राहील? राहणार नाही, हे कबूल. शरीरशास्त्र उधारीवर चालत नाही. पण मी मांडाला व्यायाम म्हणतच नाही. शरीर रोजच्या कामाने घडत होतं. मांड ते तपासत होता. वर्षातून तीन-चार वेळा, सगळ्या गावासमोर, तुझं अंग अजून आहे का, एवढाच प्रश्न. ज्याला त्याचं उत्तर द्यायचं असतं तो वर्षभर स्वतःकडे थोडं लक्ष ठेवतो: दारू किती, पोट किती, गुडघा का दुखतो. आज व्यायाम सुरू करणाऱ्यांपैकी निम्मे लोक पहिल्या सहा महिन्यांत तो सोडतात, हे व्यायामाच्या अभ्यासकांचं जुनं निरीक्षण आहे. त्यांना व्यायाम ठाऊक नसतो असं नाही. त्यांनी सोडला तर कुणाचं काही अडत नाही, हे खरं कारण. फुगडीतल्या जोडीदारणीचं अडत होतं, तरंग धरणाऱ्यावाचून देवाचं अडत होतं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. हे सगळे गरिबीचे गोडवे आहेत, असं कुणी म्हणेल. त्या काळात हिवताप होता, पोटाला पेज होती, बाळंतपणात बायका दगावत, आणि साठीला पोचणारेच थोडे होते. जे पोचले त्यांना पाहून आपण सगळ्यांविषयी बोलतो. शिवाय मांड सगळ्यांचा नव्हता. कोणी नाचायचं, कोणी वाजवायचं, कोणी मांडाच्या कडेलाही उभं राहायचं नाही, हे जातीने ठरलेलं. शिगम्याच्या मांडावर बाईला जागा नाही, धालोच्या मांडावर पुरुषाला नाही. ज्याच्या घरात मान नाही त्याच्या शरीराची वर्षातून एकदाही कुणी विचारपूस करत नव्हतं, फक्त राबवून घेत होतं. हे सगळं खरं आहे. म्हणून माझा दावा आरोग्याचा नाही. ती माणसं आपल्यापेक्षा निरोगी होती असं मी म्हणत नाही; डिचोली-सत्तरीच्या रानपट्ट्यातल्या हिवतापाकडे पाहता तसं म्हणणं क्रूरपणाचं होईल. दावा सातत्याचा आहे. जी शरीरं वाचली, ती वापरात राहिली, आणि ती वापरात राहावीत याची व्यवस्था व्यक्तीच्या बाहेर होती. त्या व्यवस्थेत अन्याय होता म्हणून तिच्यातली ही युक्ती खोटी ठरत नाही. उलट, ज्यांना मान नव्हता त्यांचीच शरीरं आधी मोडली, हा या युक्तीचा दुसरा पुरावा म्हणता येईल.

कामाची बाजू कोसळली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि तीही डिचोलीतच आधी. लोहखनिजाच्या खाणी सुरुवातीला माणसांच्या हातांवर चालत: पुरुष फोडायचे, बायका टोपल्या वाहायच्या. 1950 च्या दशकात जपानच्या पोलाद उद्योगाला गोव्याचं खनिज हवं झालं, जपानी कर्जातून शिरगावच्या खाणीवर यंत्रं आली, आणि मग डिचोली, मये, साखळीचा सगळा पट्टा ट्रक, बार्ज आणि पगार यांच्या हिशोबाने चालू लागला. ज्या शिरगावात धोंड निखाऱ्यावरून चालतात त्याच शिरगावात ही सुरुवात व्हावी, हा योगायोगच. खाणीच्या मातीने शेतं बुजली, विहिरी आटल्या. वायंगण जिथे जिथे गेलं तिथे हिवाळ्याचं काम गेलं. शेतकऱ्याचा मुलगा ट्रकचा चालक झाला, दिवसाचे दहा-बारा तास बसून. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. रस्ते, शाळा, दवाखाने, गिरण्या, नळ आले, आणि ते यायलाच हवे होते. जात्यापासून सुटलेल्या बाईला पुन्हा जात्यावर बसवा असं सांगणाऱ्याने आधी स्वतः पायलीभर तांदूळ दळून दाखवावेत. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढे मर्यादा घालून सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. ट्रक दारात उभे राहिले. पण बैल विकले गेले होते आणि शेतात उतरायची सवय एक पिढी आधीच मोडली होती.

याचा शरीरावर काय परिणाम झाला ते आकड्यांत दिसतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघालं: प्रौढांमध्ये 26.4 टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक बायकांचं वजन जास्त आढळलं. हे आकडे सबंध राज्याचे आहेत, त्यातून पेडण्याचा वेगळा निष्कर्ष काढू नये. पण जेवण तेच राहून काम गेलं की काय होतं, हे समजायला तालुकावार तक्ता लागत नाही. पूर्वी शेतातून आलेल्या माणसासाठी वाढलेला उकड्या तांदळाचा ढीग आता मोटारसायकलवरून आलेल्या माणसाच्या ताटात तेवढाच पडतो.

इलाज म्हणून जे आलं त्याचा नमुना पेडण्यातच पाहायला मिळतो. हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात परदेशी पाहुणे आठवडे-महिने राहून योगासनं शिकतात. रांपण ओढणाऱ्यांच्या नातवंडांपैकी बरेच जण त्या पाहुण्यांना खोल्या देतात, जेवण वाढतात, दुचाकी भाड्याने देतात. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं केंद्र 2022 च्या डिसेंबरात सुरू झालं, त्याच दिवशी मोप्याच्या विमानतळाचंही उद्घाटन झालं. पेडणे, डिचोली आणि साखळीच्या बाजारांत व्यायामशाळा निघाल्या आहेत, आरसे आणि यंत्रं लावलेल्या. यातलं काहीही वाईट नाही. यंत्रावर मोजून उचललेलं वजन टोपलीभर खनिजापेक्षा पाठीला नक्कीच बरं, आणि तिथे जात विचारत नाहीत, बाईला अडवत नाहीत. मांडाला जे जमलं नाही ते फी भरून जमतं. पण व्यायामशाळेने भरून काढलं ते कामाचं रिकामपण. तपासणारा मांड तिच्याकडे नाही. तिथे महिन्याची फी आगाऊ घेतात आणि माणूस आला नाही तर मालकाचं नुकसान होत नाही, फायदाच होतो. देणं उलट दिशेने वाहू लागलं आहे.

शिगमोही बदलला आहे. सरकारी शिगमोत्सवाच्या मिरवणुका शहरांतून निघतात, पेडणे-डिचोलीतही निघतात. रोंबटाची (ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्या जथ्यांची), घोडेमोडणीची पथकं बक्षिसासाठी उतरतात, चित्ररथ येतात. जुन्या लोकांना हे आवडत नाही, आणि मांडावरची गोष्ट रस्त्यावर आणल्याबद्दलची त्यांची चीड समजण्यासारखी आहे. मला मात्र त्यात एक गोष्ट उपयोगाची दिसते. स्पर्धेसाठी तालीम करावी लागते, आणि ती मांडासाठी कधी करावी लागली नव्हती, कारण तेव्हा शेतच तालीम होतं. आता आठवडाआठवडा आधी पोरं संध्याकाळी जमतात, पाय बसवतात, दम वाढवतात. चतुर्थीच्या फुगडी स्पर्धांसाठी वाड्यावाड्यांवरच्या बायका तसंच करतात, आणि त्या पथकांत मानाचं घर कुठलं हे विचारायची गरज पडत नाही. जिला जमतं ती येते. उणीव दोन ठिकाणी आहे. परीक्षकांना वेग आणि एकसारखे पोशाख हवे असतात, त्यामुळे पन्नाशीची बाई पथकातून गळते, जी मांडावर गळली नसती. आणि बक्षीस वाटून झालं की पुढच्या वर्षापर्यंत कुणी जमत नाही. पन्नाशीवरच्यांचा वेगळा गट ठेवणं आणि चतुर्थीबरोबर पौषातही तेच पथक धालोला उभं करणं, एवढं करायला पंचायतीला फारसा खर्च नाही. भाद्रपदातल्या चतुर्थीपासून पौषापर्यंत जवळजवळ चार महिने असतात. तोवर भात कापणी संपलेली असते, आणि बहुतेक घरांत आता कापायला भातही नसतं.